एकच ओळ

'प्राथमिक संगोपनकर्ता : एक नाव लिहा.'
ओळ वीतभरही नाही.

अंबाजोगाईचा दवाखाना, खोली नऊ.
वैजनाथ, वय चार. अंगणवाडीत बोलत नाही.
पुण्यात शिकले तसं मी आईला बाहेर पाठवलं,
दोन मिनिटं, घड्याळ लावून.
त्यानं दाराकडे एकदा बघितलं
आणि झाडूवाल्या केराबाईच्या मांडीवर जाऊन बसला,
तिच्या किल्ल्या वाजवत.
रडला नाही. ती परत आली तरी झेपावला नाही.
मी लिहिलं : टाळणारा.

"रडला न्हाई ना?" शेषाबाई म्हणाली,
"शानं हाय लेकरू."
मी खोडरबर शोधू लागले.
लिहिलं होतं पेननं.

याला वाढवलं कुणी?
ती बोटांवर मोजू लागली.
"मला टायफाईड झाला तवा थोरल्या जावेनं पाजलं.
निजायचा चुलत्यापाशी.
चालाया शिकवलं मुल्लांच्या रुक्सानानं,
दिसभर तिच्याच कडंवर."

रुक्साना कुठंय आता?
"ती गेली की नांदायला, उदगीरला. दिवाळीच्या म्होरं."

आणि ह्याचं बोलणं कधी थांबलं?

शेषाबाई माझ्याकडे बघत राहिली.
किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

लळा म्हणतात त्याला माझ्या पुस्तकात शब्द आहे,
जड, जोडाक्षरी,
आणि एकवचनी.

फॉर्मच्या पाठीमागं मी सगळी नावं लिहिली,
रुक्सानाचं सगळ्यात वर, गावासकट.

स्कॅनर फक्त पुढची बाजू घेतो.