डाव्या कानाला चीर

वाहन क्रमांकाच्या रकान्यात
तिनं लिहिलं होतं : डाव्या कानाला चीर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
खाली, इंधन : ओट, अडीच पोती.
दुरुस्ती : नाल चार, खिळे बत्तीस.
चालक : सेकाके. मानधन : थकीत.
अक्षर गोल, सावकाश, कुठेही खाडाखोड नाही.

मासेरूच्या ऑफिसात म्हणाले होते,
हा-सेफोकोचा दवाखाना? जायला दोन दिवस,
तपासायला एक, आणि भत्ता दीड दिवसाचा.
शेवटचे चार तास मी घोड्यावर होतो,
मांड्या सोलवटल्या, नाक बर्फाने बधिर.
घोडा हाच होता. त्याच्या कानाकडे
बघायचं मात्र सुचलं नाही.

पावत्या मागितल्या तर न्थाटिसी नर्सनं
बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
बियाण्याच्या पिशवीचा फाडलेला कागद,
त्यावर कुणाचा तरी अंगठा, शाईऐवजी जांभळं औषध.
“रॉकेलचे पैसे ओटांवर?” मी विचारलं.
तिनं गणवेशावरच्या ब्लँकेटची पिन नीट केली.
“छतावर सोलर बसल्यापासून फ्रिज रॉकेल पीत नाही,
तरी रॉकेलचे पैसे येतात.
घोडा ओट खातो, त्याचे येत नाहीत.
मी दोघांची गाठ घालून दिली.
लिहिलंय सगळं. लपवलंय का काही?”

मी काही नियमांवर वाढलेला किडा नाही.
खाली खोऱ्यात एका दवाखान्यात
ऐंशी मुलांना लस टोचल्याची नोंद होती
आणि सिरिंजच्या खोक्याचं सील शाबूत.
पुढच्या हिवाळ्यात तिथे गोवर आला.
तेव्हापासून मी कागद मागतो.
कागदही खोटं बोलतो, पण त्याला
मानगूट असते, धरता येते.

तिनं वाद घातला नाही. कढईत पाप शिजत होतं,
ते ढवळायला आत गेली.
टेबलावर थुंकीच्या नमुन्यांची वही उघडीच राहिली.
जीपची वाट बघायचे तेव्हाची पानं :
नमुना गेला, निकाल एक्केचाळीस दिवसांनी.
चौतीस. एकोणचाळीस.
मग ओटांची पहिली पावती, तीच तारीख, आणि
सहा दिवस. सात. सहा.
मधे एका ओळीत, माखोआबाने, वय एकोणीस :
निकाल आला. घ्यायला कुणी नाही.

रात्री मला बाळंतिणीच्या खाटेवर झोपवलं,
त्या आठवड्यात ती रिकामी होती.
भिंतीपलीकडे कुणीतरी
सरकारी ओट चावत होतं,
दमानं, दाढेखाली घोळवत,
हिशेब द्यायचा नसल्यासारखं.

सकाळी आक्षेप लिहिला. लिहावाच लागतो.
परिच्छेद सात : निधी अन्य कारणासाठी वळवला.
वसुली, या शब्दापाशी पेन थांबलं.
सहाशे चाळीस मालोटी, तिच्या पगारातून,
म्हणजे महिनाभराचा मका.
तिथे मी शिफारस लिहिली : नवीन लेखाशीर्ष उघडावे.
पुढचं मला ठाऊक आहे.
अर्थखातं विचारेल, घोडा हे यंत्र की कर्मचारी?
आरोग्यखातं म्हणेल, पशुसंवर्धनाला विचारा.
पशुसंवर्धन म्हणेल, आजारी आहे का?
फाइल गावोगाव हिंडेल, तीही पायीच.

निघताना सेकाकेनं नमुन्यांची पेटी
खोगिराला बांधली, मग मला वर बसवलं.
पहिल्याच चढाला घोडा धापा टाकायला लागला
तेव्हा मी उतरलो. पेटी उतरवता येत नव्हती.

ती शिफारस कुठे पोचली, कळलं नाही.
माझं प्रवासबिल मात्र तिसऱ्यांदा परत आलंय.
वाहन क्रमांकाभोवती लाल गोल,
आणि समासात, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात :
कोणता डावा? बघणाऱ्याचा की घोड्याचा?