साठाला साठ

कायतानने ताडपत्री ओढली
तेव्हा आधी चाकंच दिसली,
सतरा इंची, आरशासारखी,
पुतण्याच्या लग्नासाठी बसवलेली.
गाडी नंतर दिसली:
फायबरचं अंग, जमिनीपासून वीतभर,
बॉनेटवर रंगाला केसाएवढ्या चिरा,
आणि मागच्या सीटच्या जागी काहीच नाही.
म्हणजे कुणाला घेऊन जायचं
हा प्रश्न तिथल्या तिथे मिटला.

वाळपईहून चोर्ल्याने वर येताना
प्रत्येक वळणावर टायर मडगार्डला चाटायचा.
जांबोटीपर्यंत जळक्या रबराचा वास.
काटा पन्नास म्हणत होता,
झाडं मात्र साठाने मागे जात होती.
मोठं चाक लावलं की काटा खोटं बोलतो,
आणि त्याला ते माहीतही नसतं.

मी एकतीस वर्षं उद्यमबागेत,
तपासणीच्या टेबलावर.
दुसऱ्यांचे पंप, दुसऱ्यांचे व्हॉल्व्ह,
हिरवा शिक्का, लाल शिक्का.
घरी जाताना तिसऱ्या गेटला लुना थांबवून
मालगाडीचे डबे मोजायचे,
चुकले तर गाडी परत येत नाही
म्हणून फार लक्ष देऊन.

खानापूर रोडला इराण्णाचं दुकान.
भिंतभर चाकं, देवांच्या फोटोंसारखी.
"पंधरा इंची घ्या मॅडम, ब्ल्याक. शोभतंय बघा."
मी पर्समधून व्हर्नियर काढला.
तो हसला, मग हसायचा थांबला.
गाडीचा हब साठ, चाकाचं भोक त्र्याहत्तर.
"मध्ये प्लास्टिकची रिंग घालतो की. बसतंय."

बसतंय.
हा शब्द मी पुण्याच्या इंजिनिअरांकडून ऐकला,
मालकाच्या मेहुण्याकडून ऐकला,
आणि एकदा, पोहे खाता खाता,
मला बघायला आलेल्या संकेश्वरच्या मंडळींकडून.
उंची जरा जास्ती आहे, पण बसतंय.
त्यांनाही मी लालच शिक्का दिला होता.
पोहे मात्र चांगले झाले होते.

मूळची चाकं कायतानच्या खुराड्यात निघाली,
तेरा इंची, कोंबड्यांनी पांढरी केलेली.
दस्तगीर मिस्त्रीने घासली, मी डायल लावला.
तीन सरळ.
चौथं पावणेदोन मिलिमीटर डोलत होतं,
हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही असं.
मिस्त्री म्हणाला, ठोकून सरळ करू.
मी नको म्हटलं. ठोकून सरळ केलेलं
नेमकं घाटात आठवण काढतं.
चौथं फोंड्याच्या भंगारात मिळालं,
राखाडी रंग अर्धी छटा गडद.
ते डावीकडे, मागे लावलं.
मला तिथून दिसत नाही.

ताई निपाणीहून आली, गाडीभोवती एक फेरी मारली.
"तेरा इंची? हातगाड्याला लावतात की गं असली!
म्हातारपणी काय हे खूळ काढलीस?"
मी म्हटलं, टायर जाड घेतलेत,
खड्डे दोन्ही राज्यांचे सारखेच खोल.

नंबर अजून गोव्याचा. कर इथला भरायचाय.
फॉर्म कानडी, शेजारच्या शिवलीलाने भरला.
रंगाच्या रकान्याशी ती अडली,
पेन तोंडात धरून खिडकीतून खाली बघत बसली.
लाल म्हणावा तर विटका, विटकरी म्हणावा तर ऊन पडलं की लाल.
शेवटी काहीतरी लिहिलं.
मी वाचू शकले असते.

रविवारी पहाटे हायवेला घेतली,
हत्तरगीच्या अलीकडे, रस्ता रिकामा.
काटा साठावर धरला.
एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत,
आकडा कुठल्या का लिपीत असेना,
किलोमीटर तेवढाच.
डोळे रस्त्यावर, सेकंद तोंडाने मोजत.
एकोणसाठ. साठ.
एकसष्ट.

एका सेकंदाचा फरक.
चालवून घेतला असता कुणीही.
पण दगड तरी कुणी नीट मोजून पुरलाय?
पुढच्या वळणाला गाडी फिरवली,
आता उलटं मोजायला.