वल्ह्यावरचं मीठ

माझं माहेर पाटोद्याकडचं. तिथं पाणी
आठवड्यातून एकदा यायचं, टँकरच्या नळीतून, भांडत.
इथं नाथसागरावर तांदूळ धुवायला
पातेलं नुसतं कडेवरून बुडवते मी
आणि धुवण टाकायला हात धजत नाही.
तांब्यात भरून ठेवते, वर झाकणी.
धुराजी हसतो, अगं चौफेर पाणी
अन् तू तांब्याभर साठवून कुणाला पाजणार?

नाव आमची बारा हातांची.
शीड युरियाच्या गोण्या उसवून शिवलेलं,
त्यावर अजून वाचता येतं : नत्र ४६ टक्के.
वारा भरला की अक्षरं पोटुशी होतात.
गोडेतेलाचा डबा कापून केलेली चूल,
खाली बोटभर चिखलाचा थर,
नाहीतर नावच भाजून निघायची भाकरीगत.

पहिल्या महिन्यात शिकले ते एवढंच :
धूर कुठं जातो ते बघून बसायचं.
धूर शिडाकडं वळला की तवा उतरायचा.
नाव वळत असताना भाकर थापायची नाही,
काठवटीसकट पीठ मांडीवर येतं.
थापायची ती वारं पडल्यावर,
दिवस बुडता बुडता,
सगळं पाणी परातीसारखं गप्प पसरतं तेव्हा.
उथळात रोहित पक्षी पाय बदलतात
आणि माझ्या दोन तळव्यांत ज्वारी गोल फिरते.

त्या दिवशी चिलापी होती, चार तुकडे.
लसूण ठेचलेला, आईनं दिलेली येसराची पुडी,
पाणी सागराचंच.
उकळी फुटली तेव्हा ध्यानात आलं,
मिठाची डबी काठावर राहिली,
बाभळीच्या बुडाशी, जळण मोळीत बांधताना.
धुराजीनं पळी चाटली
आणि लांब धरणाच्या भिंतीकडं बघत बसला.

पलीकडं एक कंदील होता. शेषेराव मामांचा.
जाळ्याच्या हद्दीवरून पोळ्यापासून बोलणं बंद.
त्यांच्या नावेवर कांदा तळल्याचा वास.
मी नवी, मला कुठली हद्द. हाक दिली :
मामा, चिमूटभर मीठ हाय का?

बराच वेळ नुसतं पाणी फळीला लागत राहिलं.
मग कंदील सरकला, सात-आठ हातांवर थांबला,
आणि अंधारातून वल्हं पुढं आलं.
पात्यावर पळसाचं पान,
पानावर खडेमीठ.
मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात.
मामा म्हणाले,
"भांडण तं झालेलंच हाय. तरी आपलं."

वल्हं थरथरत होतं. ते लांब, मनगट म्हातारं.
दोन खडे सागरात पडले.
उरलेले मी पानासकट उचलले.

कालवणाला मग रंगसुद्धा वेगळा आल्यासारखा वाटला.
भाकर एकाच अंगानं फुगली, वारं लागलेली बाजू चपटी.
धुराजीनं दुसरी मागितली नाही, नुसता हात पुढं केला.
मी एका भाकरीत तुकडा ठेवून, दुमडून,
आमच्या वल्ह्यावर ठेवली.
वल्हं उचललं तसं त्यानं माझ्या हातातून घेतलं.
मला वाटलं, अडवतोय.
त्यानं ते फक्त सरळ धरलं,
पलीकडून ओझं उतरेपर्यंत.

निखारे मी त्या तांब्याभर धुवणानं विझवले.
कुणी हसलं नाही.

सकाळी जाळी होती तिथंच होती,
हद्दीचा दोरही.
मिठाची डबी आता सुतळीनं नावेलाच बांधलीय.
मामांच्या नावेवरून खोकल्याची एक लांब उबळ आली.
धुराजी शीड सोडता सोडता म्हणाला,
माझ्याकडं न बघता, त्यांच्याकडंही नाही,
"तिखट जरा जास्त झालं असंल."