तव्याखाली

साडेआठला अमळनेरात
हिरकणमावशीचं दार उघडंच असतं
आणि माझ्या मालिकेचं शीर्षकगीत
गल्लीतल्या चार घरांतून
थोडं मागे, थोडं पुढे वाजत असतं.

न कळवता आलो होतो.
ताटात कळण्याची भाकरी, ठेचा,
वरून कच्च्या तेलाची धार.
पडद्यावर माझी द्वारका,
मावशीवरूनच बेतलेली.
तोच अंबाडा, पदर खोचायची तीच तऱ्हा.
चुलीपुढे भाकरी थापता थापता
ती रेशनवाल्याकडे वळली
आणि बोलू लागली.

"ही व्यवस्थाच शोषणावर उभी आहे, गंभीरभाऊ!
मापात मारलं जातं ते धान्य नव्हे,
तो नागरिकाचा हक्क असतो..."

पुढं अकरा वाक्यं.
पहाटे तीनला लिहिलेली. लिहिताना
माझेच डोळे भरून आले होते.
कॅमेरा तिच्यावर तीनदा झेपावला,
तिन्ही वेळा वीज कडाडली,
रेशनवाल्याची मान खाली,
पाळण्यातलं पोरसुद्धा विचारात पडलेलं.

सुपडूतात्या उठले, तंबाखू मळत म्हणाले,
"बाई चांगली व्हती.
पार्टीमा गई का?"
कुठल्या, ते विचारलं नाही.

शेजारची रामकोर तर माझ्याच मताची,
माझ्याच निशाणीवर बोट दाबणारी.
तिसऱ्या वाक्याला तिनं सूप पुढं ओढलं
आणि मिरच्यांची देठं खुडायला घेतली.

मावशी मात्र टक लावून बघत होती.
मला वाटलं, पोचलं.
जाहिरात लागल्यावर म्हणाली,
"इतलं बोलस तवलोंग
भाकर जळी जाई ना, भाऊ."

मी हसलो. मग समजावू लागलो,
मुद्दा कसा मोठा आहे, लाखो लोक कसे बघतात,
आणि बोलता बोलता ऐकू आलं
की मीही अकरा वाक्यांच्या बेतात आहे.

"मुद्दा खरा शे," ती म्हणाली.
"पन ती नही बोली राह्यनी.
तिना तोंडमा तुना दात दिखतस."

मी नऊ वर्षांचा असेन.
पिशवीचा एक कान माझ्या हातात, एक तिच्या.
दुकानदारानं गहू ओतले, पारड्याखाली
त्याचा अंगठा मला दिसला, तिलाही.
तिनं पिशवी उलटी केली.
"पुन्हा मोज."
त्यानं मोजलं.
तिनं परत उलटी केली.
"पुन्हा मोज."
मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.
कोणीतरी रॉकेलचा डबा खाली ठेवला, तेवढा आवाज.
तिसऱ्यांदा काटा सरळ उभा राहिला.
वाटेत ती एक शब्द बोलली नाही.
मला चार आण्यांची गोडीशेव घेऊन दिली.

हे माझ्या वहीत होतं.
पहिल्या खर्ड्यात होतं.
मीच काट मारली,
समासात लिहिलं: दृश्याला वजन येत नाही.

चॅनलनं नाही सांगितलं. कोणीच नाही.
मला भीती वाटली होती की लोकांना
दोन शब्दांत कळणार नाही,
आणि ते कळले ते माझ्यामुळं,
हे तर मुळीच कळणार नाही.

फोन थरथरला. निर्मात्याचा निरोप:
द्वारकाचं भाषण तुफान चाललंय,
उद्याच्या भागात आणखी एक.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
ठेच्यानं कान तापले होते,
निदान मी तसं म्हटलं.

मालिका पुन्हा सुरू झाली.
द्वारका अजून त्याच भाकरीशी,
गोल, पांढरी, कुठं एक डाग नाही.
मावशी पुढं सरकली, डोळे बारीक करून
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघत राहिली.

"एक सांग रे," ती म्हणाली,
"त्या तवाखाले इस्तो व्हता का?"