शिशाचा ठिपका

वडिलांचं दुकान सांगलीच्या मार्केट यार्डात,
दोन अडतींच्या मधल्या फटीत.
पाटीवर एवढंच : वजन-काटे दुरुस्त करून मिळतील.

लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं,
त्यात शिसं ओतलेलं.
वापरून वापरून वजन झिजलं
की वडील ते शिसं वाढवायचे
आणि इन्स्पेक्टर येऊन त्या मऊ ठिपक्यावर छाप ठोकायचा.
उलट्या बाजूला.
गिऱ्हाईक तिथं कधी बघत नाही.

मी त्याच दुकानात शिकले.
बी.कॉम. एका विषयात अडकलेलं,
लॅपटॉप चुलतभावाचा, जुना,
एका कळीत हळद गेलेली, ती दोनदा दाबावी लागायची.
बाहेर लिलाव, रुमालाखाली बोटं,
आत मी एक कंस उघडायची
आणि बंद करायला विसरायची.

लोक विचारतात, कुणी शिकवलं?
कुणी नाही, म्हणते,
पण ते काही खरं नाही.
कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी
नियमांची लांबच लांब पानं लिहून ठेवली होती,
'केलंच पाहिजे' आणि 'केलं तर बरं'
यातला फरकसुद्धा समजावून.
मी ती पानं वाचली नाहीत.
चालतंय ना, मग झालं.

पहिलं काम जिनपाल चौगुल्यांच्या अडतीचं.
शेठना पांढऱ्यावर पिवळी अक्षरं हवी होती.
"धंदा हळदीचा आहे, बाई."
दिली.
डिवच्या आत डिव, त्याच्या आत डिव,
पोत्यात पोतं, शेवटच्या पोत्यात काही नाही.
रोजचा भाव म्हणजे फळ्याचा फोटो.
अठराशे रुपये मिळाले, वर एक नारळ.

मग एका शनिवारी दस्तगीर मुजावर आले,
मिरजेचे, बँकेत टेलिफोनवर बसतात,
डोळ्यांनी दिसत नाही.
बायकोचं मसाला कांडप, तिचा काटा बिघडलेला.
काटा टेबलावर, शेजारी त्यांनी फोन ठेवला
आणि माझं काम मला ऐकवलं.
फोन वाचत गेला :
चित्र. चित्र. लिंक. लिंक.
आयएमजी शून्य शून्य चार.
ते थांबले. फोन थांबला.
"भाव कुठाय?" त्यांनी विचारलं,
रागानं नाही, बसस्टॉप विचारावा तसं.

वडील काट्याच्या सुरीला तेल देत होते.
वर न बघता म्हणाले,
"हलकं भरतंय."

त्या रात्री तपासणीला लावलं :
एकशे त्रेचाळीस चुका,
ओळीच्या नंबरासकट.
नियमांची पानं पहिल्यापासून काढली.
अकरा रात्री गेल्या.
मथळा मथळा झाला, तक्ता तक्ता झाला,
बटण, जे नुसतं बटणासारखं दिसत होतं,
बटण झालं.
प्रत्येक चित्राखाली दोन शब्द ठेवले,
न दिसणारे, पण वाचता येणारे.
पिवळा खाली आणत आणत
वाळल्या हळकुंडाच्या सालीपर्यंत आणला,
तिथं कुठं साडेचारास एक जमलं.

शेठनी चष्मा वर केला, खाली केला.
"बदललं काय यात?
अक्षर तेवढं काळपटलंय.
याचे पैसे कशाचे?"
मी खुर्चीच्या कडेवर बसून
मथळा म्हणजे काय ते सांगायला लागले
आणि त्यांचा फोन वाजला.
पैसे नाहीत. नारळही नाही.

सोमवारी दस्तगीरभाईंचा फोन.
मला वाटलं, बरं बोलतील.
"राजापुरी तेरा हजार दोनशे,
हे ऐकलं.
पण क्विंटलला का पोत्याला?
ते कुठं म्हणत नाही तुझं यंत्र."

खरंच नव्हतं म्हणत.
फळ्यावरही नसतं; यार्डात सगळ्यांना ठाऊक असतं.

लॅपटॉप उघडला.
समोर वडील दहा किलोचं वजन उलटं करून
भोकात बोट घालून बघत होते
अजून किती मावेल ते.
मी तक्त्याच्या मथळ्यात शिरले,
'क्विंटल' टाइप करायला,
अडकणारी कळ
दोनदा दाबून.