बसलेला हात

नोव्हेंबरात हेर्वांतामध्ये साडेतीनलाच दिवस मिटतो.
आमच्या प्रयोगशाळेला खिडकी नाही,
त्यामुळे तक्रारही नाही.

मध्यभागी क्रेन. जंगलातल्या यंत्राचा सुटा हात,
पिवळा, कोपरात दुमडलेला,
खाली तेलाच्या थेंबांसाठी बेकरीतून मागून आणलेला ट्रे.
हा हात म्हणजे माझा प्रबंध.
शीर्षक लांबलचक आहे, अर्थ एवढाच
की माणूस नसताना यानं ओंडका उचलावा
आणि अंडं ठेवावं तसा खाली ठेवावा.

तो ठेवत नाही.
व्हॉल्वच्या पोटातला स्पूल, करंगळीएवढा पोलादी दांडा,
जागच्या जागी अडून बसतो.
आज्ञा वाढवत न्या, वाढवत न्या,
हूं नाही की चूं नाही,
मग एकदम सुटतो
आणि ओंडका भिंतीवर.
भिंतीला नऊ खोक पडलेत.
योन्नानं प्रत्येकाखाली पेन्सिलीनं तारीख घातली आहे.

उन्हाळ्यात युकाला घरी गेले होते
तेव्हा बाबांच्या जॉयस्टिकला सेन्सर लावला.
छत्तीस वर्षं त्यांनी तीच खुर्ची झिजवली.
"हात बसलाय म्हणतात तो काय तारेतून येतो?"
असं म्हणाले, पण लावू दिला.
चार दिवस, तीन हजारांवर ओंडके.
मग आलेख काढला
तर रेघ सगळी काटेरी.

कंप.
वसंतात जोएन्सूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक नाव दिलं.
आम्ही जेवताना ते नाव काढत नाही.
कॉफी आता ते अर्धाच कप ओततात,
आणि आई दुसरीकडे बघते.

मी तो गाळून टाकला.
लो-पास फिल्टर, दोन ओळींचा कोड, चहा निवायच्या आत.
रेघ गुळगुळीत झाली,
माझ्या जन्माआधीच्या फोटोत
त्यांनी आईच्या खांद्यावर ठेवलेला हात आहे, तशी.
खरं सांगायचं तर
मला त्या रात्री बरं वाटलं होतं.

त्याच रेघेवरून क्रेन शिकली.
नऊ खोक.

डॉ. हेल्मिनेन बोलायला पैसे पडतात असे बोलतात.
शुक्रवारी दारातूनच विचारलं,
"फिल्टर काढून बघितलंस?"
"पण तो आजार आहे."
त्यांनी टोपी घातली. "व्हॉल्वला काय माहीत?"

रात्री आठला मी त्या दोन ओळी पुसल्या.
योन्ना भिंतीपासून लांब सरकली.
स्पूल थरथरू लागला. केसाएवढा, इकडे, तिकडे,
क्षणभरही टेकेना,
आणि टेकेना म्हणूनच अडेना.
क्रेनच्या जड हाताला त्याचा पत्ताही नव्हता.
ओंडका उतरत उतरत आला
आणि जमिनीला कधी लागला
ते ऐकू आलं नाही.

पुस्तकात याला नाव आहे. डिदर.
व्हॉल्व चिकटू नये म्हणून मुद्दाम दिलेला थरकाप.
पहिल्या सेमिस्टरला त्यावर मला सहापैकी सहा गुण होते.
पुस्तक शंभर हर्ट्झ म्हणतं, बाबांचा पाच,
तरी चालला.
आजार शिकवून गेला,
की आधीपासूनच ते काडी अशी हलवत ठेवत होते, सवयीनं?
जुना डेटा नाही. मी तेव्हा शाळेत होते,
आणि त्यांच्या हाताकडे कुणी कशाला बघेल?

प्रबंधात आभाराचं पान असतं, तिथे काय लिहायचं ते सुचलं नाही.
बाहेर ट्रामची वाट बघत फोन लावला.
पलीकडे चमचा कपाला लागत होता, बारीक, भराभर.
"भिंत शाबूत आहे का?"
"आहे. बाबा, तुमचा हात खरंच बसलाय."

"बसतो कुठे," ते म्हणाले,
आणि आईला हाक मारली,
की पोरगी जेवलेली नाही.