वजनाला हलकी

बार्शीच्या दंतवैद्याने ती विकली
कारण त्याला दुसरं मूल झालं, आणि सीटा दोनच.
लाल म्हणायची. पण चोवीस उन्हाळ्यांनी तिचा रंग
बरणीच्या तळाशी राहिलेल्या जुन्या तिखटासारखा केलेला.
अंग फायबरचं. वजन सहाशे वीस किलो.

सहाशे वीस मला लगेच कळतं,
आमच्या घरात सगळं किलोतच कळतं.
सुताची गोणी पन्नासची,
म्हणजे साडेबारा गोण्यांनाही पाच किलो कमी.

नान्नांच्या हिशेबात हलका हा चांगला शब्द नाही.
टॉवेल हलका म्हणजे सुतात चोरी.
माणूस हलका म्हणजे त्याला उधार द्यायचं नाही,
आणि कानाचा हलका असेल तर बोलायचंच नाही.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये तीस वर्षं
त्यांनी तळहातावर टॉवेल तोलून ग्रॅम सांगितले,
काटा मागाहून आला, आणि हो म्हणाला.

मी त्याच शेडच्या माळ्यावर बसून
कॉम्प्युटरवर जेकार्डची डिझाइनं काढते.
चार वर्षांचे साठलेले एक लाख नव्वद हजार,
त्यातले निम्मे तरी मोरांचे.

सात रस्त्याला, पहिल्या मजल्यावर, हत्तुरेंनी
यादीत तिचं नाव वर-खाली शोधलं.
नव्हतंच.
मग ‘इतर’वर गेले. इतरच्या पोटात आणखी एक यादी.
वय? बावीस.
‘वयाचं कंपनी काही धरत नाही,’ म्हणाले, ‘मीच विचारलं.’
आधीची पॉलिसी? नाही.
नो क्लेम बोनस शून्य.
आजवर कुणाकडे काही मागितलं नाही
याचा माझ्याकडे कागद नव्हता.

‘गाडी जुनी, तिचा विमा कुणी करणार नाही.
थर्ड पार्टी घ्या. तुमच्यामुळे दुसऱ्याचं काही झालं
तर ते भरून येईल.’
आणि माझं?
‘तुमचे पंधरा लाख. पण ते तुम्हाला नाहीत.’
फॉर्म पंख्याने उडू नये म्हणून
त्यांनी त्यावर स्टेपलर ठेवला,
तो नेमका नॉमिनीच्या रकान्यावर.
मी सरकवला. लिहिलं: अंबादास येमूल. नातं: वडील.
जिना उतरताना दोनदा कठडा धरला.

शेडसमोर नान्ना तिच्याभोवती एकदा फिरले.
बोटाच्या पेराने टकटक केलं.
‘प्लास्टिक.’
फायबर.
‘तेच ते.’
मग वाकले, मागच्या बंपरखाली दोन्ही हात घातले
गठ्ठा उचलताना घालतात तसे,
आणि उचलली. खरंच. चार बोटं.
‘हलकी आहे,’ तेलुगूत म्हणाले.
तेलुगूतही ते बरं वाटलं नाही.

मला सांगायचं होतं, म्हणूनच तर.
हिप्परग्याच्या तळ्याकडे वळताना
हिचं ओझं हिच्याच आडवं येत नाही,
ब्रेकला पाय नुसता लागला तरी ऐकते,
एवढंसं इंजिन, पण त्याला कुणाला ओढत न्यायचं नसतं.
एवढं सगळं मागांच्या खटखटीत ओरडून सांगावं लागलं असतं.
तेवढ्यात ते आत गेलेसुद्धा.

बाहेर आले ते दोन टॉवेल घेऊन.
सहाशे ग्रॅमवाले, जड, एका हॉटेलने परत पाठवलेले,
कारण माझ्या मोराची शेपटी किनारीत शिरली होती.
त्रेचाळीसच्या उन्हात रेक्झिन तव्यासारखं तापलेलं.
दोन्ही सीटांवर त्यांनी ते अंथरले,
कोपरे आत खोचले, हाताने सळ काढले.
मी म्हटलं, वजन वाढवलंत.
ते हसले नाहीत. शेजारच्या सीटवर बसले,
गुडघे जवळजवळ हनुवटीला.

‘विमा?’
केला.
‘कुणाचा?’

मी किल्ली फिरवली.
शेडमधले सोळाही माग चालू होते,
इंजिन लागलं ते कानाला कळलंच नाही,
तळव्याला कळलं.